बारावी पीन

नीलमनगरात, तिसऱ्या गल्लीत, लूमच्या शेडला टेकून
दहा बाय आठची खोली. तिथं कॉम्प्युटर.
भिंतीपलीकडं चार लूम खटाखटा चाललेले,
त्यांच्या हादऱ्यानं टेबलावरचा माऊस
आपणहून सरकतो, थोडा थोडा, चहाच्या कपाकडं.

फोनवर अंबादास चिलवेरी म्हणाला होता,
"मॅडम, अपडेट झालं अन् मोर सुजला."
मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.
जाऊन बघते तर खरंच सुजलेला.
मान वांग्यासारखी,
कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडेसुद्धा
ताटात ओतलेल्या पिठल्यासारखे आडवे पसरलेले.

मी माझं नेहमीचं सुरू केलं.
डिस्प्लेची सेटिंग. यादी उघडली:
आठशे बाय सहाशे.
एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट.
संपली यादी.
तेराशे सहासष्ट कुठंय? रविवारपर्यंत होतं, म्हणे.
ड्रायव्हर काढला, ड्रायव्हर घातला.
रीस्टार्ट. काळोख, मग लोगो, तोही जाड.
जुन्या कर्नलवर चालू करून पाहिलं. तेच.
बाहेर बेचाळीस डिग्री,
कूलर माझ्या वहीवर पाणी शिंपडत होता.

मग अंबादासनं कबूल केलं,
माझ्याकडं नाही, खिडकीकडं बघत:
मोर जाड दिसतोय म्हणून
त्यानं सोमवारी रात्री बसून तो बारीक केला,
एकेक घर मोजत,
पडद्यावर देखणा दिसेपर्यंत,
आणि फाईल लूमला दिली.

लूमला पडदा दिसत नाही.
लूमला घरं कळतात. उचल, सोड. उचल, उचल, सोड.
तिनं सांगितलं तेवढंच विणलं:
सहा चादरी, लाल जमीन,
त्यावर उपाशी मोर,
पाय सुतळीचे,
डोळा तेवढा जागच्या जागी. डोळ्याला
अंबादासनं हात लावला नव्हता.

त्याचे वडील दारात कधी येऊन उभे राहिले कोण जाणे.
नरसय्या. बनियन, खांद्यावर टॉवेल.
खिशातून सूत मोजायचं पितळी भिंग काढलं,
उलगडलं, काचेला लावलं,
एक डोळा मिटून बराच वेळ वाकून राहिले.
"हे घर काळं बी नाही, पांढरं बी नाही," म्हणाले.
"राखाडी. असलं घर आम्ही कधी भरलं नाही, अम्मा."

मी सांगितलं, पडद्यानं आपलं माप
वायरीतून मशीनला कळवायचं असतं.
उत्तर आलं नाही की मशीन अंदाज धरतं,
कुणालाही चालेल असा, जुना.
"म्हंजे मुका झालाय," ते म्हणाले,
आणि मी थांबवायच्या आत मागची वायर उपसली.

पंधरा पिना, तीन ओळी.
तिसऱ्या ओळीत दुसरी
पार आडवी झोपलेली.
रविवारी झाडताना टेबल ओढलं होतं.
अपडेट त्याच रात्री आलं
आणि दोष त्याच्या नावावर गेला.
मी दोन तास सगळं आतून तपासलं होतं,
मागं वाकून बघितलं नव्हतं. हे बिलात लिहिता येत नाही.

नरसय्यांनी फणीच्या तारा सरळ करायचा चिमटा आणला.
चाळीस वर्षांत किती तारा, मोजल्या नाहीत म्हणाले.
पीन धरली. हलकेच. अजून हलकेच.
मोडली तर नवी वायर दीडशेला मिळते, हे मला माहीत होतं,
तरी मी श्वास धरून होते.

लावली. चालू केलं.
यादीत अकरा ओळी.
तेराशे सहासष्टवर टिचकी मारली
आणि पडद्यावरही उपाशी मोर आला,
खरा, म्हणजे चुकलेला, म्हणजे जसा विणला तसा.
अंबादास काही बोलला नाही.
खुर्ची पुढं ओढून
पहिल्या घरापासून मोर जाड करायला बसला.

पैसे मी अर्धेच घेतले.
उरलेल्यात त्यांनी सहापैकी एक चादर दिली.
डिसेंबरात ती पायावर घेते.
आई परवा म्हणाली, हा बगळा का गं?
मोर आहे, म्हटलं.
एक हजार चोवीसचा.